दोन इंचांची वायर

गॅसवर चालणाऱ्या हीटरचं कंट्रोल बिघडलं की बहुतेक मेकॅनिक आधी बोर्ड बदलून टाकतात. अहिल्या गुंजाळ तसं करत नसे. ती पॅनलचं झाकण काढायची, आतला लाल दिवा किती वेळा लुकलुकून थांबतो ते मोजायची आणि मग मीटरच्या दोन्ही काड्या हातात घ्यायची. करंट कुठपर्यंत पोचतोय आणि कुठून पुढे जात नाहीये, हे कळेपर्यंत ती स्क्रू ड्रायव्हरला हात लावत नसे. त्यामुळे तिला वेळ लागायचा. पण ती दुरुस्त करून गेली की त्याच बिघाडासाठी पुन्हा फोन यायचा नाही.

ती मूळची पारनेर तालुक्यातली. शिरूरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा कोर्स करणाऱ्या तीन मुलींपैकी एक. विसाव्या वर्षी लग्न झालं. नवरा भाऊसाहेब फौजेत, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी नवं गाव, नवं क्वार्टर. दिल्ली कँटमध्ये मात्र मुक्काम लांबला, आणि तिथे आल्यावर तिने गुरुग्रामच्या एका बर्नर विकणाऱ्या कंपनीत फोन घेण्याची नोकरी धरली. पुढे प्रदूषणाच्या नियमांमुळे कारखान्यांना कोळसा आणि डिझेल सोडून पाइपचा गॅस घ्यावा लागला. तक्रारी वाढल्या, माणसं पुरेनात. एका दुपारी तिने फोनवरच एका मेकॅनिकला त्याची चूक सांगितली आणि तिचे साहेब राजवीर यांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिला साइटवर पाठवायला सुरुवात केली. सहा वर्षांत ती कंपनीतली सगळ्यात हुशार सर्व्हिस इंजिनीअर झाली, आणि हे राजवीर सर तिला सोडून बाकी सगळ्यांना सांगत.

तिला मूल नव्हतं. धाकटा दीर केतन मात्र तिच्या हाताखाली वाढला होता. ती लग्न होऊन आली तेव्हा तो दहा वर्षांचा होता. गणितात नापास झाला की तिच्याच मागे लपायचा. बारावीनंतर गावात नुसता फिरायला लागला, तेव्हा तिनेच त्याला दिल्लीला आणलं, मीटर धरायला शिकवलं आणि राजवीर सरांकडे शब्द टाकून कंपनीत चिकटवलं. आता त्याचं लग्न झालं होतं, दिल्लीतच मुनिरकात त्याने एक खोली घेतली होती आणि बायको सहा महिन्यांची गरोदर होती. स्वतंत्रपणे साइटवर जाण्याची परीक्षा तेवढी त्याने अजून दिली नव्हती.

डिसेंबरात गुरुग्रामजवळच्या मानेसरच्या एका लाँड्रीचा फोन आला. हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल तिथे धुतले जात. कपडे वाळवायच्या आणि घड्या घालायच्या मोठ्या हॉलमध्ये कोपऱ्यात गॅसवर चालणारं गरम हवेचं युनिट होतं, आणि ते दिवसातून सात-आठ वेळा आपोआप बंद पडत होतं. तिथल्या लोकांनी बाहेरून माणूस बोलावून दोनदा बोर्ड बदलला होता. स्पार्क देणारा भागही नवा घातला होता. काही फरक पडला नव्हता.

अहिल्याने झाकण काढलं. दिवा तीनदा लुकलुकून थांबत होता. या युनिटच्या भाषेत त्याचा अर्थ असा, की चिमणीतून धूर नीट ओढला जात नाही, म्हणून मी गॅस सोडणार नाही. धूर ओढणारा छोटा पंखा सुरू झाला, की त्याच्या ओढीने एक स्विच लागतो. तो लागला तरच बोर्ड गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. तिने मीटर लावला. स्विचच्या एका टोकाला करंट होता, दुसऱ्या टोकाला नव्हता. तिने स्विचला जोडलेली रबरी नळी काढून तोंडाने फुंकली. नळी मोकळी आणि कोरडी होती. पंखा पूर्ण वेगाने फिरत होता. मग तिने आपल्या बॅगेतली पाणी भरलेली वाकडी नळी लावून ओढ मोजली. पाहिजे त्याच्या निम्मीही नव्हती.

युनिटच्या शेजारच्या टेबलावर चादरींच्या घड्या घालणारी एक बाई हे सगळं बघत होती. रिंकू तिचं नाव, बदायूंकडची, तिशीतली. ती म्हणाली, “मॅडम, उधर से हवा चलती है ना, तभी बंद होता है.” आणि तिने पश्चिमेकडच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

“हे कोणाला सांगितलंस का?” अहिल्याने हिंदीत विचारलं.

“किसी ने पूछा ही नहीं.”

अहिल्या गच्चीवर गेली. मालकांनी तिथे नवीन पत्र्याची केबिन बांधली होती. चिमणी मधे येत होती, म्हणून ती दोनदा वाकवून पश्चिमेच्या भिंतीतून बाहेर काढली होती. तोंडावर कबुतरं शिरू नयेत म्हणून बारीक जाळी, आणि त्या जाळीवर कपड्यांच्या तंतूंचा बोटभर जाड थर. तिने फोटो काढले, खाली येऊन रिंकूचा नंबर घेतला, रिपोर्ट लिहिला आणि मालकांना भेटली.

विश्वजित हे मालक. पस्तिशीचे, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला.

“सर, कंट्रोल ठीक आहे,” ती म्हणाली. “ते बरोबर तेच करतंय जे त्याने करायला हवं. चिमणी सरळ वर काढावी लागेल. दोन दिवस युनिट बंद ठेवा.”

“लग्नांचा सीझन आहे, मॅडम. दोन तास बंद ठेवता येत नाही.”

“नाहीतर धूर हॉलमध्ये येईल. बायका काम करतात तिथे.”

विश्वजित हसले. “मी तुम्हाला मशीन बघायला बोलावलं. तुम्ही माझी बिल्डिंग बघून आलात.” मग तिच्यासमोरच त्यांनी राजवीर सरांना फोन लावला आणि अगदी नम्रपणे सांगितलं, की तुमच्या मॅडम खूप मेहनती आहेत, पण जरा जाणकार माणूस पाठवा. चहा आला तेव्हा ते दुसऱ्या कामाला लागले होते. अहिल्याने रिपोर्ट आणि फोटो त्यांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवले आणि शेअर ऑटोत बसून परत आली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात राजवीर सरांनी सगळ्यांना गोल बसवलं. पंधरा माणसं होती. “एक सीधा सा काम था,” ते म्हणाले, “और हमारी इंजीनियर छत पे कबूतर देखने चली गई.” लोक हसले. केतन खाली मान घालून बसला होता, तरी त्याचे खांदे हलत होते, हे तिला दिसलं. सरांनी तिला महिनाभर पुन्हा फोनच्या टेबलावर बसवलं आणि लाँड्रीचं काम केतनला दिलं. त्याच्याकडे परवानगी नव्हती, म्हणून सिस्टीममध्ये भेट अहिल्याच्या नावाने टाकली. तिला विचारायची गरज कोणाला वाटली नाही. तिचा पासवर्ड सरांकडे होताच.

त्या संध्याकाळी तिने केतनला फोन केला. “चिमणीचं काम झाल्याशिवाय तिथे हात लावू नकोस.”

“वहिनी, मी फक्त बघून येतो,” तो म्हणाला.

तो वीस मिनिटांत काम करून आला. युनिट सुरू झालं आणि नंतर एकदाही बंद पडलं नाही. विश्वजितनी त्याला काजूकतलीचा डबा दिला. रविवारी तो डबा घेऊन बायकोबरोबर कँटमध्ये जेवायला आला. सासूबाईंनी डबा आधी देवापुढे ठेवला आणि मग सगळ्यांना वाटला.

“काय बिघडलं होतं रे?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“काही नाही दादा, स्विचच्या नळीत पाणी साचलं होतं. झटकलं, झालं.”

“आणि हिला दिवसभरात सापडलं नाही?” सासूबाई म्हणाल्या. “बाईच्या जातीने उगाच पान्हे घेऊन हिंडायचं.”

अहिल्या पोळ्या लाटत होती. ती नळी तिने स्वतः फुंकली होती. ओढ तिने स्वतः मोजली होती. म्हणजे स्विच लागलेला नाही, त्याची दोन टोकं दोन इंचांच्या वायरच्या तुकड्याने जोडून टाकली आहेत, हे तिला त्याच क्षणी समजलं. स्विच आता असून नसल्यासारखा होता. धूर बाहेर जावो न जावो, बोर्ड गॅस सोडणार. तिने केतनकडे पाहिलं. त्याने नजर ताटात घातली. तिने तव्यावरची पोळी उतरवली आणि त्याच्या ताटात वाढली.

तीन दिवसांनी तिने रिंकूला फोन केला. युनिट बढिया चाललंय, असं रिंकू म्हणाली. फक्त सगळ्यांची डोकी जड होतात, दुपारी मळमळतं. अहिल्याने तिला शटर थोडं उघडं ठेवायला सांगितलं. शटर उघडलं की गरम हवा जाते म्हणून सुपरवायझर ओरडतो, असं रिंकू म्हणाली. “तरीपण उघड,” अहिल्या म्हणाली आणि फोन ठेवला. राजवीर सरांची केबिन तिच्या टेबलापासून दहा पावलांवर होती. ती उठली नाही.

का उठली नाही, हे तिने पुढे आमची ओळख झाल्यावर मला सांगितलं, आणि सांगताना स्वतःला जराही वाचवलं नाही. केतनची नोकरी जाईल, घरात सगळे म्हणतील हिला दिराचं चांगलं बघवलं नाही, ही कारणं होतीच. “पण आणखी एक होतं,” ती म्हणाली. “मला वाटलं, दोन-चार जणींना चक्कर येऊ दे. मोठं काही नको. फक्त चक्कर. मग सगळे येतील माझ्याकडे विचारायला, की मॅडम, तुम्ही काय म्हणाला होता.”

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मानेसरला दोन दिवस दाट धुकं पडलं. थंडी अशी, की शटर पूर्ण खाली. सकाळी अकराच्या चहाची घंटा झाली तेव्हा युनिटजवळच्या टेबलांवरच्या बायका उठल्या नाहीत. अर्धवट जळलेल्या गॅसचा धूर दिसत नाही, त्याला वासही नसतो. इतरांना वाटलं, डोकं टेकून पडल्यात. सुपरवायझरने एकीला हलवलं तेव्हा ती टेबलावरून खाली घसरली. नऊ जणींना हॉस्पिटलात नेलं. दोघी वाटेतच गेल्या. त्या सख्ख्या जावा होत्या, एकाच खोलीत राहणाऱ्या. रिंकू वाचली, पण तिच्या मेंदूला खूप वेळ प्राणवायू मिळाला नव्हता.

कंपनीत ही बातमी दुपारी आली. केतन जेवणाचा डबा तसाच टाकून निघून गेला. राजवीर सरांनी दार लावून अहिल्याला केबिनमध्ये बसवलं.

“शेवटची भेट तुमच्या नावावर आहे,” ते म्हणाले. “केतनचं नाव कुठेच नाही. तुम्ही म्हणा, मी तात्पुरती वायर लावली होती, काढायला विसरले. निष्काळजीपणाची केस होईल, जामीन मिळेल. वकील कंपनी देईल. नाहीतर तुमचा मुलगाच म्हणावा असा दीर आत जाईल. विचार करा.”

ती घरी आली तेव्हा घरच्यांनी विचार करून ठेवला होता. केतन पलंगाच्या कडेला बसला होता, त्याची बायको आत रडत होती. सासूबाई म्हणाल्या, “बाईमाणसाला जामीन लवकर देतात. आणि तुझ्या मागे रडायला आहे कोण? त्याचं लेकरू यायचंय.”

अहिल्याने नवऱ्याकडे पाहिलं. भाऊसाहेब वाईट माणूस नव्हता. अठरा वर्षांत त्याने तिच्यावर हात उचलला नव्हता, मूल नाही म्हणून एका शब्दाने टोचलं नव्हतं. तो हळू आवाजात म्हणाला, “आई बोलते ते वाईट वाटतं ऐकायला. पण हिशोबाने बघितलं तर बरोबर आहे ना?”

“तुम्हालाही तसंच वाटतं?”

“मी तुझ्या पाठीशी आहे. दर तारखेला येईन मी.”

ती केतनशेजारी जाऊन बसली. “तू बोल,” ती म्हणाली.

केतनने बाहीने तोंड पुसलं. मग म्हणाला, “वहिनी, तुम्ही मला कायम वाचवलंय.”

दुसऱ्या दिवशी मानेसरच्या पोलीस चौकीत तिने जबाब दिला. समोरचा सब-इन्स्पेक्टर एका बोटाने टाइप करत होता. ती पहिल्यापासून सगळं सांगत गेली. दिवा तीनदा लुकलुकतो म्हणजे काय, चिमणी कोणी वाकवली, रिपोर्ट कोणाला पाठवला, सिस्टीममध्ये नाव कोणाचं टाकलं आणि साइटवर गेलं कोण. तिने फोनमधले फोटो दाखवले, त्यांच्यापुढे दोन निळ्या खुणा होत्या, म्हणजे विश्वजितनी ते पाहिले होते.

“वायर लावलीये, हे तुम्हाला केव्हा कळलं?” त्याने विचारलं.

इथे ती खोटं बोलू शकली असती. घटनेनंतर, असं म्हणाली असती तरी कोणी खोडून काढू शकलं नसतं. ती म्हणाली, “लावल्यानंतरच्या रविवारी.”

सब-इन्स्पेक्टरने मान वर केली. “आणि तुम्ही गप्प बसलात?”

“हो.”

त्याने तेही टाइप केलं.

केतनला त्याच संध्याकाळी उचललं. राजवीर सरांना अटक झाली, पण आठ दिवसांत जामीन मिळाला. आपण ऑफिसातली नोंद बघतो, साइटवर कोण काय करतं ते आपल्याला कसं कळणार, असं त्यांच्या वकिलाने सांगितलं. विश्वजित म्हणाले, मी तांत्रिक माणूस नाही, तो फोन माझा मॅनेजर वापरतो, आम्ही जाणकारांवर विश्वास ठेवला. मॅनेजर तोपर्यंत नोकरी सोडून गेला होता. तपासणीला अधिकारी आले त्या दिवशी चिमणी सरळ वर गेलेली होती, नवी, चकचकीत. पत्र्याच्या केबिनचा मागमूस नव्हता. लाँड्री पाच आठवड्यांत पुन्हा सुरू झाली. कंपनीने अहिल्याला कामावरून काढल्याची नोटीस दिली. धोका माहीत असून कळवला नाही, असं तिच्याच जबाबातलं वाक्य त्यात होतं. त्या वाक्यावर तिच्यावरही केस झाली. तिला जामीन मिळाला. बाईमाणूस म्हणून लवकर मिळाला.

केतन मात्र आतच राहिला. वायर त्याने लावली होती, हात त्याचे होते, आणि परवानगी नसताना काम केल्याचं कलम वेगळं. मार्चमध्ये त्याला मुलगी झाली. बारशाला अहिल्याला बोलावलं नाही. एप्रिलमध्ये भाऊसाहेबांची बदली जोधपूरला झाली. सामान बांधताना त्याने तिचे कपडे आणि हत्यारांची बॅग वेगळी काढून दारापाशी ठेवली. भांडण झालं नाही. सासूबाई जीपमध्ये बसल्या, तिच्याकडे न बघता. “मी फोन करतो,” तो म्हणाला. तो करतोही. महिन्यातून एकदा, जेवलीस का, एवढं विचारतो.

क्वार्टर सोडावं लागलं. केतनची बायको बाळंतपणानंतर माहेरी गेल्यावर मुनिरकातली ती खोली रिकामी झाली होती. घरमालकाला भाडेकरू हवा होता, अहिल्याला जागा. ती तिथेच राहायला गेली. आता ती आसपासच्या फ्लॅटमधले गॅस गीझर दुरुस्त करते. माझी तिची ओळख त्यातूनच झाली. गीझरचा बोर्ड गेलाय म्हणून मी बोलावलं होतं. तिने अर्धा तास मीटर लावून पाहिलं, बोर्ड चांगला आहे म्हणाली, आणि मग माझं मराठी आडनाव दारावर पाहून घटकाभर टेकली.

मेमध्ये ती केतनला तुरुंगात भेटायला गेली. तो येईल असं तिला वाटलं नव्हतं, पण आला. वाळला होता. काचेपलीकडे बसून त्याने फोन कानाला लावला.

“तुम्हाला त्या रविवारीच कळलं होतं ना?” तो म्हणाला. “वकिलाने वाचून दाखवलं मला.”

“हो.”

“तुम्ही तिथेच, ताटावर, सगळ्यांसमोर एक थोबाडीत मारली असती ना वहिनी, मी सोमवारी जाऊन काढली असती वायर. मी तुमच्या ओरडण्याची वाट बघत होतो. तुम्ही पोळी वाढलीत.”

वेळ संपल्याचं शिपायाने सांगितलं. केतनने फोन जागेवर ठेवला. मागे वळून पाहिलं नाही. त्यानंतर ती दोनदा गेली, तो बाहेर आला नाही.

रिंकू मानेसरजवळच्याच एका चाळवजा इमारतीत राहते. तिला हात धरून उठवावं लागतं, घास भरवावा लागतो. स्वतःच्या मुलाचं नाव तिला आठवत नाही. कापड हातात दिलं की मात्र ती त्याची अचूक घडी घालते, उलगडते, पुन्हा घालते. अहिल्या दर रविवारी बस बदलून तिथे जाते. पहिल्यांदा गेली तेव्हा रिंकूच्या नवऱ्याने तिला ओळखलं. जबाबात तिने काय म्हटलंय ते त्यालाही कोर्टात कळलं होतं. तो दारात उभा राहिला.

“माफी मांगने आई हो?”

“नाही,” अहिल्या म्हणाली. “ती कशी आहे, बघायला आले.”

“देख लो.”

तिने पाहिलं. रिंकूने तिच्याकडे पाहून हसून मान हलवली, जशी ती कोणाकडेही पाहून हलवते. निघताना अहिल्याने विचारलं, पुन्हा येऊ का. नवरा म्हणाला, “आओ, मत आओ, तुम्हारी मर्ज़ी. पर इतवार को टँकर आता है, मुझे पानी भरने जाना पड़ता है. उतनी देर इसके पास कोई चाहिए.”

तो हंडे घेऊन जातो. ती रिंकूचे केस विंचरते, नखं कापते, तिच्या मांडीवर एक टॉवेल ठेवते. रिंकू घडी घालत राहते. तासाभराने तो पाणी घेऊन येतो, अहिल्या उठते आणि बसस्टॉपकडे चालू लागते.